लांबचा दात

४ फेब्रुवारी

टिल्लू,

वर काय लिहावं यातच पंधरा मिनिटं गेली. ‘प्रिय’ लिहिलं तर तू हसशील, आणि ‘चिरंजीव’ लिहावं तर एक्केचाळीस वर्षांच्या माणसाला ते शोभत नाही. तेव्हा नुसतंच टिल्लू. आशीर्वाद मावशीकडून रोज मिळतच असतील, त्यात माझी भर नको.

साडेतीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आजही काम आहे म्हणूनच लिहिते आहे. बटण परत आली.

शिवणकाम करणाऱ्या बाईंची बटण. तेव्हा साडेसहा महिन्यांची होती, आता चार वर्षांची आहे. वजन तीन किलो आठशे. स्वभाव तोच, म्हणजे टेबलावर ठेवलं की आधी लटलट कापायचं आणि मग डॉक्टरचा अंगठा चाटायचा. काल सकाळी बाईंनी तिला पिशवीतून काढलं आणि तोंड उघडायच्या आधीच वास आला. वरचा डावा सुळा अजून जोडीने आहे. पुढे पक्का, त्याला चिकटून मागे दुधाचा, आणि दोघांच्या फटीत केस, अन्न आणि चार वर्षांचं कीटण. हिरडी इतकी मागे गेली आहे की पक्क्या दाताचं मूळ दिसतं. बोट लावलं तर किंचित हलतो.

बाईंना मी तेच सांगितलं जे आपण दवाखान्यात दिवसातून दोनदा सांगायचो. लहान जातीच्या कुत्र्यांचा जबडा एवढासा, त्यात बेचाळीस दात बसवायचे, मग काहींचे दुधाचे सुळे सहा महिने उलटले तरी पडायचं नाव घेत नाहीत. एका जागेत दोन दात राहिले की घाण साचते आणि शेवटी दोन्ही जातात. भूल देऊन दुधाचा काढला की पक्का वाचतो. सातव्या महिन्यात हे थोडक्यात आटोपलं असतं. आता कीटण काढायचं, हिरडी साफ करायची, आणि तो दुधाचा दात मूळ न मोडता बाहेर आणायचा. ते मूळ किती लांब आणि बारीक असतं हे मी तुला सांगायला नको.

वरच्या जबड्यात तिच्याकडे पक्का सुळा आता हा एकच आहे. उजवीकडचा कसा गेला ते आपल्या दोघांना माहीत आहे.

वीस तारीख दिली आहे. तू येऊन हे करावंस असं मला वाटतं. हलका हात तुझाच, बाबाही म्हणायचे. त्या दिवशी आपल्या दोघांकडून गफलत झाली, ती किती वर्षं उगाळत बसायची? मागच्या खोलीतली तुझी खाट आहे तशीच आहे, फक्त तिच्यावर औषधांची खोकी ठेवली आहेत. ती हलवता येतील.

दवाखान्याचं बरं चाललं आहे. दातांचा एक्स-रे काढायचं छोटं मशीन घेतलं, ज्यासाठी तू माझ्यामागे भुणभुण लावायचास ते. कंपाउंडर काका ठीक आहेत. बोलतात कमी.

— ताई


१० फेब्रुवारी

टिल्लू,

उत्तर नाही. मावशी फोनवर म्हणाली की पत्र मिळालं, तू ते वाचलंस, शर्टाच्या खिशात ठेवलंस आणि जेवायला बसलास. मावशीकडे राहणाऱ्या माणसाचं काहीही लपून राहत नाही. तू दोन घास कमी खाल्लेस हेही मला कळलं आहे.

तिनेच सांगितलं की पशुखाद्याच्या कारखान्यात तू दिवसभर पेंडीचे नमुने बाटल्यांत भरतोस. आणि गेल्या महिन्यात शेजारच्या मांजराच्या पंजात काच घुसली, तर तू चिमटा शेजाऱ्याच्या हातात दिलास आणि लांब उभा राहून कसं काढायचं ते सांगितलंस. मावशीला ते विचित्र वाटलं. मलाही वाटलं. तुला शस्त्रक्रिया करायची बंदी होती ती सहा महिन्यांची. ती संपली की तू कुठेतरी पुन्हा कामाला लागशील अशी मी समजूत करून घेतली होती. ती सोयीची होती, म्हणून कधी तपासून पाहिली नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची टाळली. बाई आल्या त्या मी एकटी आहे म्हणून. म्हणाल्या, “पाटीवर तुमचं एकटीचं नाव दिसलं म्हणून आत आले. तुमचे भाऊ असते तर नसते आले.” मी नुसतं ‘हं’ म्हटलं आणि बटणच्या हिरड्या बघायला लागले. म्हणजे तुला बोलावलं ते त्यांच्या नकळत. तू आलास तर त्यांना काय सांगायचं हे मी ठरवलं नव्हतं. बहुतेक त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं असतं आणि तुला मागच्या दाराने आत घेतलं असतं. लिहिताना हे बरं दिसत नाही.

त्या दिवसाचं एकदा लिहून काढते. तू तिथे होतास, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

बाबा माणसांचे दात काढायचे तेव्हापासूनचा नियम. दात बोलून काढायचा. हत्यार लावण्याआधी दात मोठ्याने सांगायचा, समोरच्याने तोंडात बघून तोच परत म्हणायचा, आणि दोघांचं जुळलं तरच हात पुढे. खुर्चीवरचे लोक हसायचे, म्हणायचे डॉक्टर पाढे म्हणून घेतात. आपण तोच नियम कुत्र्या-मांजरांना लावला. एरवी दातांचं काम तुझं. तू म्हणायचास, मी परत म्हणायची.

त्या दिवशी बटणचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन मी केलं आणि त्याच भुलेत दात काढायचे होते. तू हात धुऊन तयार होतास. मी म्हटलं, असू दे, मीच उरकते. ‘वरचा उजवा दुधाचा सुळा,’ मी म्हटलं. तूही तेच म्हटलंस. इथवर ठीक होतं. पण काका ऑक्सिजनचं सिलेंडर बदलत होते म्हणून टेबल तिरकं सरकवलं होतं, आणि मी दात काढताना उभं राहायचं तशी नाकाच्या बाजूला न उभी राहता मानेच्या बाजूला उभी होते. नाकाकडून पाहिलं तर वरच्या जबड्यातला दुधाचा सुळा लांबचा. मानेकडून तोच जवळचा होतो. तू यायच्या आधी वर्षानुवर्षं लांबचा दात धरायची सवय लागलेला हात लांबच्या दातावर गेला. नाव बरोबर घेतलं आणि हत्यार चुकीच्या दाताला लावलं. अर्धवट उगवलेला पक्का, उंचीने दुधाच्याच बरोबरीचा. कुणाचीही फसगत झाली असती.

बाईंनी बाहेर विचारलं, कुणी काढला? दातांचं काम तू करतोस हे त्यांना ठाऊकच होतं. मी म्हटलं, भावाने. ते तोंडातून निघून गेलं आणि मग मागे घेता आलं नाही. तू शेजारी उभा होतास. तू काही बोलला नाहीस. पुढे त्यांनी तक्रार केली, पशुवैद्यक परिषदेने तुला बोलावलं, तिथेही तू काही बोलला नाहीस. गप्प बसलास त्या अर्थी तुला मान्य आहे असं मी धरून चालले.

तू ‘थांब’ म्हणाला होतास, तेही मी कुठे सांगितलं नाही. पण टिल्लू, तू म्हणालास तोवर दात हातात आला होता. मग ते सांगून काय फरक पडणार होता?

वीस तारीख कायम आहे.

— ताई


१४ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझं उत्तर नाही म्हणून आज दुपारी काकांना म्हटलं, वीस तारखेला समोर तुम्ही उभे राहा. मी दात सांगेन, तुम्ही बघून परत म्हणायचं. ते औषधांच्या बाटल्या पुसत होते. हातातली बाटली पुसून पुरती जागेवर ठेवली आणि म्हणाले, “मी नाही म्हणणार, बाई. म्हटलं तरी तुम्ही कुठे ऐकता?”

तू गेल्यापासूनचं त्यांचं हे माझ्याशी बोललेलं सर्वांत मोठं वाक्य. एरवी ‘हो बाई’, ‘नाही बाई’, ‘आणतो बाई’. पूर्वी ते मला ताई म्हणायचे, आठवतं? हे कधी बदललं ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आज एकदम आलं. त्या दिवशी ते सिलेंडरपाशी, म्हणजे माझ्यापासून चार पावलांवर होते.

मी आत जाऊन जुन्या कागदांमधून बटणचा भुलेचा तक्ता काढला. काका दर दोन मिनिटांनी ठोके लिहायचे, ते तुला माहीत आहे. तुझ्या-माझ्यासारखं अंदाजपंचे नाही, भिंतीवरच्या घड्याळात बघून. अकरा वाजून दहा मिनिटांनी ठोके एकशे दहा, आणि पुढे त्यांच्या अक्षरात: ‘धाकटे डॉ. थांब म्हणाले.’ अकरा बारा, ठोके एकशे चोवीस. अकरा चौदा, ‘दात निघाला’. हा कागद परिषदेत गेला नाही, कारण तिथे कागद मी नेले होते.

म्हणजे चार मिनिटं. गेल्या पत्रात मी लिहिलं की तोवर दात हातात आला होता. ते खोटं आहे आणि लिहितानाही मला ते खोटं असल्याचं माहीत होतं.

तू म्हणालास, “ताई, थांब. हा पक्का आहे.” मी स्पष्ट ऐकलं. मग तू वाकून दुसऱ्यांदा म्हणालास, इतक्या हळू की काकांना ऐकू जाऊ नये. माझी लाज राखायला. मग तू गप्प झालास आणि बटणची जीभ बाजूला धरून उभा राहिलास, कारण मी थांबत नाही तर निदान जीभ तरी कापली जाऊ नये.

हातालाही कळत होतं. दुधाचा दात एवढा अडत नाही. मी जोर वाढवला. तू पहिल्यांदा बोललास तेव्हा तो दात नुसता सैल झाला होता. तेव्हा सोडला असता तर हिरडीने पुन्हा धरला असता. अकरा दहाला तो वाचत होता, अकरा चौदाला तो माझ्या हातात होता, मुळाशी नळीसारखा पोकळ, कोवळा पक्का दात. बघितल्याबरोबर मी तो बोळ्यात गुंडाळला.

का थांबले नाही, याचं उत्तर मी साडेतीन वर्षं शोधलं नाही, कारण ते समोरच होतं. त्या आठवड्यात तीन जणांनी दारात विचारलं होतं, धाकटे डॉक्टर आहेत का, दाताचं काम आहे. तिसऱ्याला मी म्हटलं, मोठी डॉक्टर आहे, चालेल का? तो म्हणाला, मग उद्या येतो. टाका कसा घालायचा ते मी तुला शिकवलं होतं. घरातल्या उशीवर, बाबांच्या दोऱ्याने. आणि तू मला काकांसमोर थांबवत होतास. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर लिहायला बरं वाटलं असतं.

मला लाज वाटते. हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं आणि मी त्यात एक्स-रे मशीनच्या गप्पा मारल्या.

परिषदेच्या त्या खोलीत लांब टेबल होतं आणि तू समोरच्या बाजूला बसला होतास. अध्यक्षांनी तुला विचारलं, काही सांगायचं आहे का? तू त्यांच्याकडे पाहिलं नाहीस, माझ्याकडे पाहिलंस. मी फायलीची दोरी सोडून पुन्हा बांधली. तू मला संधी देत होतास हे मला तेव्हाच कळलं होतं.

तू येऊ नकोस. म्हणजे दात काढायला येऊ नकोस. मी बोलावलं होतं ते तुझ्या हातासाठी नव्हतं. तू येऊन काम करून गेलास की सगळं मिटलं असं मला म्हणता आलं असतं, म्हणून बोलावलं होतं.

— ताई


१९ फेब्रुवारी

टिल्लू,

आज बाईंना सांगितलं.

दवाखान्यात सांगितलं असतं तर मी पांढऱ्या कोटात आणि त्या बाकावर, म्हणून त्यांच्या दुकानात गेले. तू ते पाहिलेलं नाहीस. अरुंद आहे, दोन मशीनं पाठीला पाठ लावून, मधून जायचं तर अंग चोरून. भिंतीवर अर्धे शिवलेले कोट, प्रत्येकाला टाचलेली चिठ्ठी: ‘बाह्या कमी’, ‘कंबर सैल’, एकीवर नुसतं ‘रडारड करतात, उद्या द्या’. बटण मशीनखाली चिंध्यांच्या टोपलीत झोपली होती. माझा वास आला तशी कापायला लागली.

बाई कुणाच्या तरी बाहीची शिवण छोट्या सुरीने उसवत होत्या. त्यांना वाटलं मी उद्याच्या उपाशी ठेवण्याचं सांगायला आले. म्हणाल्या, रात्री आठनंतर काही द्यायचं नाही, पाणी चालेल, माझ्या लक्षात आहे. मी म्हटलं, दुसरंच सांगायचं आहे. आणि उभ्यानेच सांगितलं. दात मी काढला. भावाने मला दोनदा थांब म्हटलं. मी ऐकलं आणि थांबले नाही. नंतर त्याचं नाव सांगितलं.

मी मनात बरंच काही तयार करून नेलं होतं. सवय, टेबल, सिलेंडर. ते कशालाच लागलं नाही, चार वाक्यांत सगळं झालं.

त्यांनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “ते तुमच्या बाजूलाच उभे होते ना? मी त्यांना काय काय बोलले. कसाई म्हटलं.”

मी म्हटलं, हो.

“आणि तुम्ही ऐकत होतात?”

मी म्हटलं, हो.

त्या मशीनखाली वाकल्या. टोपलीतून बटणला उचलून मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, उद्या आम्ही येत नाही. मी म्हटलं, मला समजतं, पण तो दात फार दिवस थांबणार नाही, दुसऱ्या कुणाकडे तरी लवकर दाखवा. त्यांनी मान हलवली, माझ्याकडे न बघता. मी अंग चोरून बाहेर आले.

तिथून पोस्टात गेले. परिषदेला पत्र टाकलं, सोबत तक्त्याची नक्कल. तुझ्यावरची कारवाई चुकीची होती, माझ्यावर जी व्हायची ती व्हावी, असं लिहिलं आहे. माझं नाव नोंदणीतून काही काळ काढतील किंवा कायमचं काढतील. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरं काय येतं मला याचा विचार केला, काहीच येत नाही असं दिसलं. भीती वाटते. ती वाटणारच होती.

काकांना येऊन सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, उद्याची वेळ रिकामी ठेवू का? मी म्हटलं ठेवा. मग त्यांनी चहा केला आणि बऱ्याच दिवसांनी माझ्यासमोर बसून प्यायले.

— ताई


२८ फेब्रुवारी

टिल्लू,

बाई परवा आल्या. वेळ न घेता, बटण पिशवीत, उपाशी ठेवूनच. मधल्या सहा दिवसांत त्या आणखी दोन डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. एकाने दोन्ही दात काढून टाकू म्हटलं, भानगडच नको. दुसरा प्रामाणिक निघाला, म्हणाला मी गाई-म्हशींचा माणूस, एवढ्याशा तोंडात माझं बोटही जायचं नाही. तेव्हा माझ्याबद्दल मत बदलून त्या आल्या असं मुळीच नाही. तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

“मी आत उभी राहणार,” म्हणाल्या. “आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं. कारण विचारायचं नाही.”

भूल देतो त्या खोलीत मालकाला कधी घेतलं नाही आपण. बाबा तर दारातसुद्धा उभं राहू देत नसत. मी त्यांना टोपी आणि मास्क दिला.

एक्स-रे आधी काढला. दुधाच्या दाताचं मूळ शाबूत, लांबलचक, टोकाला वाकलेलं. उजवीकडचा फोटोही काढला. तिथे आता दुधाचाच सुळा आहे, एकटा. पक्क्याच्या जागी साडेतीन वर्षं इमाने-इतबारे काम करतोय बिचारा, आणि चांगला घट्ट आहे. त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं आणि तक्त्यावर तसं लिहिलं.

टेबल जागेवर, मी नाकाच्या बाजूला. काका माझ्यासमोर. मी म्हटलं, ‘वरचा डावा दुधाचा सुळा, मागचा, माझ्यापासून लांबचा.’ काका वाकले, चष्मा कपाळावर सरकवला, बघितलं, आरशाने पुन्हा बघितलं, आणि म्हणाले, ‘वरचा डावा दुधाचा सुळा, मागचा.’ मग आम्ही दोघांनी बाईंकडे पाहिलं. त्याही म्हणाल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

कीटण काढायला वीस मिनिटं गेली. मग दात सुटा करायचं चपटं हत्यार हिरडीत घातलं, तुझ्या पद्धतीने, म्हणजे ढकलायचं नाही, फिरवून धरायचं आणि मनात दहा मोजायचे. एक बाजू, मग दुसरी. मूळ थोडं थोडं देत होतं. अशा वेळी हात सोडावासा वाटत नाही, तुला माहीत आहे. आता येईल, आता येईल असं वाटत राहतं.

“थांबा,” बाई म्हणाल्या.

मी हत्यार काढलं आणि दोन्ही हात छातीपाशी घेऊन उभी राहिले. विचारलं काही नाही. त्या पुढे आल्या, वाकल्या, बटणच्या तोंडात बघितलं. मग माझ्या हातांकडे बघितलं. काका घड्याळाकडे बघत ठोके मोजत होते. शंभर, अठ्ठ्याण्णव, शंभर. माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं की माझं काही चुकलं असेल तर ते अजून दुरुस्त होईल. त्या किती वेळ तशा उभ्या होत्या ते तक्त्यावर आहे, दीड मिनिट.

“करा आता,” त्या म्हणाल्या.

दात आणखी सहा मिनिटांनी आला. मुळासकट, टोकाच्या वळणासकट, अखंड. फोटो काढून खात्री केली, आत काही राहिलेलं नाही. पक्का अजून हलतो. धरेल की नाही ते सहा आठवड्यांनी कळेल, पण मला वाटतं धरेल.

बटण शुद्धीवर येऊन टॉवेलमध्ये कुरकुरत होती तेव्हा मी बाईंना विचारलं, मधे तुम्हाला काही चुकतंय असं दिसलं का? मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “मला दातातलं काय कळतंय? तुम्ही थांबता का ते बघायचं होतं.”

मी तिथल्या स्टुलावर बसले. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही. काका हत्यारं उकळायला टाकत होते, त्यांनी पाठ वळवली. बाईंनी बटणची शेपटी टॉवेलच्या आत नीट घातली आणि वाट बघत उभ्या राहिल्या. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. मी डोळे पुसले तेव्हा त्यांनी तुझा पत्ता मागितला.

मी लिहून दिला. काय लिहिणार ते विचारलं नाही. काल दुपारी त्या दवाखान्यात डोकावल्या, म्हणाल्या टाकलं. निळं पाकीट आहे, अक्षर मोठं.

परिषदेने अठरा मार्च दिली आहे. तुलाही कळवतील. यायचं की नाही ते तुझं तू बघ. तू त्या खोलीत असलास काय आणि नसलास काय, मी तेच सांगणार आहे. त्यानंतर हा दवाखाना चालवायला मी असेन की नाही ते माहीत नाही. तू चालवावास असं मी म्हणणार नाही. म्हणायचा अधिकार माझा राहिलेला नाही. पण खाटेवरची खोकी काकांनी काल हलवली, मला न विचारता.

बाईंचं पत्र आणि हे पत्र बहुधा एकाच दिवशी येतील. आधी त्यांचं वाच. त्या तुला जे बोलायला नको होतं ते माझ्यामुळे बोलल्या, तेव्हा त्यांचा नंबर माझ्याआधी. माझं उद्या वाचलंस तरी चालेल. नाही वाचलंस तरी मी समजून घेईन.

पण हे तुला कळायला आधी माझंच पाकीट फोडावं लागेल, हे आत्ता लक्षात आलं. तेव्हा बाहेर, तुझ्या पत्त्याच्या वर, मोठ्या अक्षरात लिहिते आहे: आधी निळं उघड.

— ताई